मधल्या तुकडीचा भिडू

कोलांटउड्या शिकायला आलेलं पोर पहिल्या वर्षी सोडून जात नाही. पहिल्या वर्षी जमीन आणि आभाळ जागा बदलतात, एवढ्यावरच ते खूश असतं. चौथ्या वर्षीही जात नाही, कारण तोवर गावानं त्याला जत्रेत उड्या मारताना बघितलेलं असतं आणि हॉटेलात बसलेली माणसं त्याला नावानं हाक मारतात. पोरं गळतात ती मधल्या काळात. साधं सगळं आलेलं असतं, अवघड काहीच येत नसतं, आणि रोज तेच ते चाललेलं असतं. मग कुणाला व्हॉलीबॉल सापडतो, कुणाला टूरिंग टॉकीज, आणि कुणाचा बाप म्हणतो, बस झालं, आता म्हशी बघ.

ही मधली तुकडी मी कितीतरी वर्षं सांभाळली. मी पैलवान नव्हतो. आमचं आडतीचं दुकान होतं. तूर, मूग, ज्वारीची वजनं आणि हिशेब हे माझं काम. तालीम माझ्या थोरल्या भावाची, अण्णाची. आमचा जिल्हा हैदराबादेतून म्हैसूर राज्यात गेला त्या सुमारास अण्णानं चार मित्र जमवून हळ्ळीखेडच्या वेशीबाहेर ती सुरू केली होती. तांबडी माती चाळून, तिच्यात तेल आणि ताक घालून कुस्तीचा हौद केला. शेजारी उड्यांसाठी तुरीचा भुसा अंथरला आणि त्यावर पोती उसवून शिवलेलं गोणपाट टाकलं. पोती आमच्याच दुकानातली. मी तेव्हा शाळेत होतो.

अण्णाची बायको पहिल्या बाळंतपणात गेली. बाळही गेलं. त्यानं पुन्हा लग्न केलं नाही. दुकानात त्याचं मन नव्हतं. गादीवर बसला तर तोच गिऱ्हाईक वाटायचा. संध्याकाळी तालमीचं दार उघडलं की मात्र त्याचा आवाज बदलायचा. त्याचं घर ते होतं, आमचं नव्हे.

एकदा त्यानं मला दुकानातून बोलावून घेतलं.

“तुला हिशेब येतोय न्हवं,” तो म्हणाला. “बारकी एवढी येतेत की पाय ठिवायला जागा न्हाई. थोरली हाताच्या बोटावर उरतेत. मधली कुठं सांडायलीत ते बघ.”

मी पंधरा दिवस भिंतीला टेकून बघत बसलो. कारण अवघड नव्हतं. पोरांना नवी उडी तेव्हाच मिळायची जेव्हा ती धरायला अण्णाला सवड असायची. धरणारा एकच आणि पोरं इतकी. मधल्यांची पाळी येता येता दिवस मावळायचा.

अण्णाचं धरणं बघण्यासारखं होतं. तो पोराच्या बाजूला एका गुडघ्यावर बसायचा. डावा हात पोराच्या कंबरेमागं, उजवा मांडीखाली. पोर उडी घ्यायचं, आणि अण्णाच्या हातांवरून पलटी होऊन खाली यायचं. दिवसेंदिवस ते हात हलके होत जायचे. शेवटी शेवटी ते नुसते तिथं असायचे, अंगाला लागायचेही नाहीत. मग एखाद्या दिवशी, पोर हवेत असताना, तो हळूच म्हणायचा, “बिडू.”

कानडीत बिडू म्हणजे सोड. तो ते स्वतःच्या हातांनाच सांगायचा, असं मला वाटतं. पोर खाली उतरायचं तेव्हा अण्णाचे दोन्ही हात त्याच्या स्वतःच्या गुडघ्यावर असायचे. पोराला ते दिसलं की त्याला कळायचं, ही उडी आपण एकट्यानं मारली.

आमच्या घरात आईशी कानडी, बापाशी मराठी आणि गाडीवानांशी दखनी चालायची. कुठला शब्द कुठल्या बोलीतला याचा विचार आम्ही कधी केला नाही. सगळ्यांच्या घरी तसं नसतं हे आम्हाला एका गवंड्यानं दाखवून दिलं.

गवंड्याचा पोरगा नुकताच मधल्या तुकडीत आला होता. अकरा-बारा वर्षांचा, काटक, हट्टी. ही माणसं बौद्ध. छप्पन साली दीक्षा घेतलेल्या घरांपैकी त्यांचं घर. घरात फक्त मराठी. त्या पोराला मानेवरची उडी आली त्या दिवशी अण्णा नेहमीसारखा “बिडू” म्हणाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोराचा बाप तालमीच्या दारात येऊन उभा राहिला. कामावरून तसाच आला होता. कोपरापर्यंत हात चुन्यानं पांढरे.

“उस्ताद तुमीच का?” त्यानं अण्णाला विचारलं. “एक इचारायचं होतं. पोरगं घरी सांगायलंय, अण्णांनी मला भिडू केलं म्हणून. काल जेवलं न्हाई धड. सारखं तेच. भिडू, भिडू. पोराटोरांनी चेष्टा केली आसंल तर तसं सांगा. उगं त्याला आशा लावून देऊ नका.”

माझ्या लक्षात घोळ आला. चुकीचा आकडा दिसला की तो दुरुस्त केल्याशिवाय मला चैन पडत नाही. मी तोंड उघडलं, “आवो, ते कानडीत...” तेवढ्यात शेजारी बसलेल्या अण्णाचा हात माझ्या मांडीवर आला आणि त्यानं ती दाबली.

“व्हय,” अण्णा म्हणाला. “मीच म्हणलाव. भिडूच हाय त्यो माझा.”

गवंडी दारातच उभा होता.

“भाईर कामून उभारलाव? आत या की.”

“हात भरलेत चुन्यानं.”

“मग धुवा. ती काय तिथं बादली.”

त्यानं हात धुतले, चपला बाहेर काढल्या आणि आत येऊन कट्ट्यावर बसला. अंधार पडेपर्यंत पोराच्या उड्या बघत राहिला. जाताना म्हणाला, “पोत्याखालचा भुसा एका अंगाला सरकायलाय. कडंनं इटा लावून देतो.” आणि पुढच्या सुट्टीच्या दिवशी त्यानं लावून दिल्या.

तेव्हापासून तालमीत तो शब्द दोन अर्थांनी राहिला. कानडी घरातली पोरं बिडू ऐकायची, मराठी घरातली भिडू. दोघंही त्याचीच वाट बघायची. मी कुणालाच दुरुस्त केलं नाही.

अण्णाच्या हातांचं पहिल्यांदा माझ्या बायकोच्या लक्षात आलं. आम्ही बसवण्णांना मानणारी लिंगायत माणसं. सकाळी गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायचं आणि पूजा करायची, हा घरातल्या सगळ्यांचा रिवाज. ती फुलं द्यायला गेली होती. परत आली आणि चुलीजवळ हळूच म्हणाली, “आवो, भावजींच्या हातावरचं लिंग हलायलंय.”

“थंडी आसंल.”

“चैत हाय,” ती म्हणाली.

मग मलाही दिसायला लागलं. त्याच्या कपाळावरचे विभूतीचे तीन पट्टे आधी फुटपट्टीनं ओढल्यासारखे असायचे. आता ते उजवीकडे जाता जाता खाली घसरायचे. ताटातला भातही तो फार सावकाश उचलायचा. तालमीत मात्र काही दिसत नव्हतं, कारण तिथं त्याचे हात कामात असायचे.

गुलबर्ग्याला एका डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी त्याला बोटं एकमेकांवर टेकवायला लावली, चालायला लावलं, आणि मग मला एकट्याला आत बोलावलं. नसांचा आजार आहे, म्हणाले. गोळ्यांनी थोडा दबेल. बरा होत नाही, वाढत जातो. किती वेगानं, ते सांगता येत नाही.

परतीच्या बसमध्ये अण्णा खिडकीशी बसला होता.

“काय म्हणले?”

“नसा कमजोर झाल्यात म्हणले. गोळ्या दिल्यात.”

“पोरं धरता येतेल का, इचारलास?”

“न्हाई.”

“तेच तर इचारायचं होतं की,” तो म्हणाला.

माझ्यापुढं जे उभं राहिलं ते सरळ सांगतो. मधल्या तुकडीला अवघड उड्या दिल्या तर अण्णा धरायला बसणार, आणि त्या हातांवर लोकांच्या लेकरांच्या माना सोपवता येत नव्हत्या. सोप्या उड्यांवरच ठेवलं तर तुकडी गळणार. मधलीच गळाली तर थोरली कुठून येणार? दोन-तीन वर्षांत तालमीला कुलूप. अण्णाला सरळ सांगितलं तर तो त्याच दिवशी घरी बसणार, आणि घरी त्याच्यासाठी काही नव्हतं. मला पोरांच्या माना शाबूत हव्या होत्या, तुकडी भरलेली हवी होती आणि अण्णा तालमीत हवा होता. तराजूला पारडी दोनच असतात. तिसरी गोष्ट कुठं ठेवायची ते मला कळत नव्हतं.

वाट सापडली ती दुकानात, दुपारी, एकही गाडी आलेली नसताना. मधल्या पोरांना आठ गोष्टी येत होत्या. सरळ कोलांटी, उलटी कोलांटी, खांद्यावरची कोलांटी, हातांवरचं चाक, हातांवर उभं राहणं, कमान, सूर मारून कोलांटी आणि मानेवरची उडी. एकेक करून रोज मारली तर आठच. पण एकीला लागून दुसरी मारायची म्हटलं तर छप्पन्न जोड्या होतात. तीन एकापाठोपाठ घेतल्या तर तीनशेच्या वर. त्यांत नवव्या गोष्टीची भर टाकली की एकदम सोळा नव्या जोड्या. आणि यातल्या बहुतेकांना धरायला कुणी लागत नाही.

संध्याकाळी मी कोळशानं तालमीच्या भिंतीवर एक ते आठ आकडे लिहिले आणि कुठला आकडा म्हणजे काय ते सांगितलं. “आता मी आकडे म्हणेन तसं मारायचं. चार-पाच-एक.” पहिलं पोर चाकातून हातांवर उभं राहायला गेलं आणि पाठीवर आपटलं. सगळी हसली. आणि सगळ्यांनाच ते करून बघायचं होतं.

सगळ्या जोड्या जुळत नाहीत, हे मला आधीच कळलं होतं. पण ते मी सांगितलं नाही. कुठली जुळत नाही आणि का, हे त्यांनीच शोधायचं. एकदा चाकाला लागून सूर जुळेना.

“कामून जुळंना?” मी विचारलं.

गवंड्याचा पोरगा म्हणाला, “चाकातनं आडवं तोंड करून उतरावं लागतंय, अन् सूर पुढं मारायचाय.”

“मग?”

त्यानं पुन्हा चाक मारलं. मग चाकातून उतरताना त्यानं अंग पाव फिरवलं, आणि सूर मारला. त्या फिरण्याला आम्ही नऊ नंबर दिला. ती नववी गोष्ट त्यानं शोधलेली, मी नव्हे. तिच्यामुळं आधी टाकून दिलेल्या कितीतरी जोड्या जुळायला लागल्या.

हळूहळू माझी एक रीत बसली. नवं काही आलं की आधी ते एकटं. मग येत असलेल्या गोष्टीनंतर. मग तिच्या आधी. मग दोन येत असलेल्या गोष्टींच्या मधे. एवढं झालं की ते त्या पोराचं झालं. जो लवकर पुढं जाई त्यानं तीच साखळी जमिनीवर टाकलेल्या दोरावरून न ढळता करायची, किंवा शेवटी एका पायावर उतरून हलायचं नाही. मागं राहिलेल्याला तीच साखळी दोन तुकड्यांत. एकाच वेळी सगळी पोरं कामात असत आणि कुणालाच सोपं नसे.

आकडे अण्णा ओरडायचा. त्यात त्यानं आपली भर घातली. मराठी घरातल्या पोराला कानडीत आकडे सांगायचे आणि कानडी घरातल्याला मराठीत. पहिल्याच दिवशी एका तेल्याच्या पोराला त्यानं सांगितलं, “नाल्कु, ओंदु.”

पोरगा जागचा हलेना. तोंड पाडून म्हणाला, “नालायक कामून म्हणायलाव अण्णा? मी काय केलो?”

“नाल्कु म्हणलाव रे. चार.”

“मग चार म्हणा की. घरी बाप नालायक म्हणतोय त्ये काय कमी हाय?”

अण्णा इतका हसला की त्याला कट्ट्यावर बसावं लागलं. पुढं त्या पोराचं नाव नाल्कुच पडलं. लग्नाच्या पत्रिकेत तेवढं छापायचं राहिलं.

तुकडी गळायची थांबली. उलट गेलेल्यांतली काही परत आली. त्या सुमारास राज्याचं नाव म्हैसूरचं कर्नाटक झालं. शाळेत पोरांना नव्या नावाचे नकाशे मिळाले. तालमीत भिंतीवरचे आकडे तेवढेच राहिले, फक्त पावसानं धुपले की मी पुन्हा गिरवायचो. हातांवर उभं राहायला मी पोरांना भिंत दिली, म्हणजे धरायला कुणी लागत नसे. मानेवरची उडी भुश्याच्या उतारावर, तिथंही हात लागत नसे. दोन वर्षं अण्णा रोज तालमीत होता, रोज आवाज चढवून बोलत होता, आणि त्या दोन वर्षांत त्यानं क्वचितच कुणाला धरलं. माझा हिशेब जुळला होता. अण्णा अधूनमधून म्हणायचा, “हल्ली धरा म्हणून कुणी येईना गेलंय.” मी म्हणायचो, “पोरं हुशार झालीत.” त्याच्या कपाळावरचे पट्टे तेव्हा खूपच वाकडे झाले होते.

मग गवंड्याच्या पोराचं शिकायचं सगळं संपलं. तो आता चौदा-पंधराचा होता. कुठलाही आकडा, कुठल्याही क्रमानं, दोरावरून. एका संध्याकाळी त्यानं सरळ अण्णापुढं जाऊन सांगितलं, “अण्णा, मला उलटी उडी धरा.”

उलटी उडी म्हणजे उभ्यानं मागं, हात न टेकता, हवेत पलटी. ती धरणाऱ्याशिवाय शिकता येत नाही, आणि ती शिकल्याशिवाय थोरल्या तुकडीत जाता येत नाही. त्यानं पुढं म्हटलं, “आकडे लई झाले. आकड्यानं पोट भरंना गेलंय. न्हाईतर मी बापाबरोबर कामाला जातो.”

त्याच्या मागं अजून पाच-सहा जण त्याच टप्प्यावर येऊन थांबलेले होते. त्याला नाही म्हटलं असतं तर तेही गेले असते.

अण्णाचा चेहरा उजळला. मी तो तसा बऱ्याच दिवसांत बघितला नव्हता. “उद्या धरतो,” तो म्हणाला.

घरी आल्यावर हातपाय धुऊन आम्ही अंगणात बसलो. बायको आत भाकरी टाकत होती.

“उद्या मी धरतो,” मी म्हणालो. “तू नुस्तं सांग हात कुठं लावायचा त्ये.”

“कामून?”

त्यानं माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं.

“आकडे माझ्या हातासाठी काढलास व्हय?”

“पोरांसाठी काढलो.”

“पोरांसाठी बी काढलास, त्ये खरंच हाय. मी इचारायलाव तेवढं सांग.”

“व्हय,” मी म्हणालो.

“अन् मी येड्यावानी वरडत बसलाव. मूरु, ऐदु, येळु.” तो थोडं हसला. मग त्यानं दोन्ही हात पुढं केले आणि तळवे वर करून धरले. ते हलत होते. दुसऱ्याचं जनावर आपल्या दावणीला बांधलेलं असावं, तसं तो त्यांच्याकडं बघत होता. “मला का कळत न्हवतं? सकाळी लिंग घेतलं की कळतंय. मला वाटायचं अजून कुणाला दिसलं न्हाई.”

आत भाकरी थापायचा आवाज थांबला होता.

“बस,” तो म्हणाला. “गुडघ्यावर बस. शिकवतो.”

त्यानं माझा डावा हात घेऊन आपल्या कंबरेमागं लावला आणि हळूहळू मागं रेलला. “हितं. जरा खाली. न्हाई, मूठ करू नको, तळवा दे. पडणाऱ्याला मूठ टोचतीय, तळवा आधार देतोय.” त्यानं अंगाचा सगळा भार माझ्या हातावर टाकला. रोज वजनं करणारा माणूस मी. तळवा खाली गेलाच नाही. मला वाटलं त्यानं भार टाकलाच नाही, पाय टेकून धरला असेल. मी खाली बघितलं. त्याचे पाय सैल होते.

पुढचे काही आठवडे मी गवंड्याच्या पोराला धरलं. अण्णा रोज आला. तीन पावलांवर उभा राहायचा, हात पाठीमागं, एकानं दुसरा घट्ट पकडलेला. तोंडानं सांगायचा. “उंच मार. आधी उंच, मग मागं. डोकं उगं टाकू नको.” मला सांगायचा, “हात उशिरा जायलाय तुझा.” एकदाही पुढं आला नाही. पोराला काय कळलं, किती कळलं, मला माहीत नाही. त्यानं एकदाही विचारलं नाही की तुम्ही का धरत नाही.

मग एका दिवशी, पोर हवेत गेलं आणि अण्णा म्हणाला, “बिडू.”

माझे हात आपोआप निघाले. पोर भुश्यावर दोन्ही पायांवर उतरलं आणि तसंच उभं राहिलं. तुकडीनं एकच गलका केला. पोर धावत जाऊन अण्णाच्या पाया पडलं. अण्णानं त्याला उठवलं आणि माझ्याकडं बोट करून म्हणाला, “आता याच्यापुढं नवं काय, त्ये याला इचार.” मग खुंटीवरचा सदरा घेतला, अंगात घातला. गुंड्या लागेनात. एक लावून बघितली, मग सोडून दिली आणि तसाच उघड्या सदऱ्यानं घराकडं निघून गेला. त्यानंतर तो तालमीत आला नाही.

माझी रीत चांगली चालली, हे सांगितलं पाहिजे. उलटी उडी दहा नंबर झाली. आधी एकटी, मग चाकानंतर, मग चाक आणि कोलांटीच्या मधे. पोरं गळाली नाहीत. जत्रेत आमच्या मधल्या तुकडीनं थोरल्यांपेक्षा जास्त टाळ्या घेतल्या. जे करायचं ठरवलं होतं ते झालं. फक्त ज्याच्यासाठी केलं तो तिथं नव्हता.

एक गोष्ट मला कधीच जमली नाही. हात काढायची वेळ आली की मी गुपचूप काढायचो. पोरं विचारायची, “तुमी भिडू कामून म्हणत न्हाईत?” मी म्हणायचो, “तो शब्द अण्णाचा हाय.”

अण्णा अंगणात खाटेवर बसलेला असायचा. मी आलो की विचारायचा, “आज काय नवं?” मी सांगायचो. तो डोळे मिटून ऐकायचा, आणि ऐकताना त्याची मान किंचित आत जायची, कोलांटी घेणाऱ्याची जाते तशी. नंतर नंतर तो आठवड्यातून एकदा विचारायला लागला. मग मी न विचारताच सांगायला लागलो.

सकाळी लिंग तळहातावर राहीना तेव्हा मी त्याच्यासमोर बसायला लागलो. माझा हात त्याच्या हाताखाली. मूठ नाही, तळवा. त्याचा हात हलायचा, माझ्या हातावर हलायचा, पण लिंग पडायचं नाही. पहिल्या दिवशी त्यानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, “आता बराबर धरायलास.” तेवढंच. ही पूजा रोज, शेवटपर्यंत, अशीच चालली.

तो गेला तेव्हा पावसाळा संपत आला होता. आमच्यात माणसाला बसवून पुरतात, पूजेला बसल्यासारखं. शेतात समाधीचा खड्डा काढला होता. जुनी पोरं आली होती. नाल्कु आला होता, त्याचं आता स्वतःचं दुकान होतं. गवंड्याचा पोरगा बीदरहून आला. तिथं तो बांधकामाची कामं घ्यायला लागला होता. बापासारखेच त्याचे हात कोपरापर्यंत पांढरे पडलेले.

माणसाला खाली बसवलं की विभूती आणि माती भरून होईपर्यंत कुणालातरी खाली उतरून त्याची पाठ धरून ठेवावी लागते, नाहीतर माणूस कलंडतो. मी त्या पोराकडं बघितलं. “तू उतर,” म्हणालो. मागं कुणीतरी घसा खाकरला. क्रिया करायला आलेल्या अय्यांनी एकदा माझ्याकडं, एकदा त्याच्याकडं बघितलं आणि बाजूला होऊन वाट दिली. तो उतरला. एका गुडघ्यावर बसला. डावा हात पाठीला, उजवा मांडीखाली. आम्ही वरून अण्णाला त्याच्या हातांवर दिलं.

लिंग तळहातावर ठेवलं. आता ते हलत नव्हतं. बेलाची पानं, विभूतीचे गोळे, मग कडेनं माती. माती कमरेपर्यंत आली तेव्हा अय्या म्हणाले, “बिडू.”

पोरानं हात काढले नाहीत. त्यानं मान खाली घातली आणि हळूच म्हणाला, “व्हय अण्णा.”

अय्या पुन्हा म्हणाले, “बिडू, बिडू.” तो तसाच. अय्यांना वाटलं याला कानडी येत नाही. ते वाकले आणि मराठीत म्हणाले, “सोड बाळा. आता माती धरती त्यांना.”

मग त्यानं हात काढले. आधी खालचा, मग पाठीचा, अगदी हळू, तळवा सरकवत. अण्णा ताठ बसून राहिला.

आम्ही हात देऊन त्या पोराला वर ओढून घेतलं. तो माझ्याशेजारी उभा राहिला. अंगाला माती आणि विभूती लागलेली. मग म्हणाला, “अय्या पयल्यांदा काय म्हणले?”

चुकीचा आकडा दिसला की मला चैन पडत नाही.

“तू ऐकलास तेच,” मी म्हणालो.

मग आम्ही दोघांनी खाली बसून हातांनीच उरलेली माती लोटली.